वखार निवडावी पावती पाहून



ऊस तुटला की थांबत नाही. फडातून गव्हाणीपर्यंत जायला जितका उशीर, तितके वजनही घटते आणि उताराही. म्हणून गाडी काट्यावर गेली की हातात काटापावती पडल्याशिवाय आपण तेथून हलत नाही. पण तोच सभासद सोयाबीन किंवा तूर कोणाच्या तरी गोदामात टाकतो आणि ‘माणूस ओळखीचा आहे’ म्हणून एका चिठोऱ्यावर समाधान मानतो.

आमचेही तसेच झाले. एका साली चाळीस कट्टे तूर ओळखीच्या खाजगी गोदामात ठेवली. चिठ्ठीवर ‘४० कट्टे’ एवढेच. वजन नाही, ओलावा नाही, प्रत नाही. आखाडात उचलायला गेलो तर मागच्या थप्पीला भुंगा लागलेला, भिंतीकडच्या कट्ट्यांनी ओल धरलेली. मालक म्हणाले, ‘भुंगा तुमच्याच मालातून आला.’ आता भांडायचे कशाच्या जोरावर? गप्प बसलो.

कारखाना काय करतो पाहा. साखर तयार होते चार-पाच महिन्यांत, विकली जाते वर्षभर. मधल्या काळात ती गोदामात थप्प्या लावून बँकेकडे तारण असते. तिच्यावर उचल मिळते आणि ऊसबिलाची सोय होते. पोते न् पोते वहीत असते, म्हणून बँक पैसा देते. हाच मार्ग आपल्या धान्यालाही मोकळा आहे.

जागा कोणत्या?

गोरवाला समितीने १९५४ सालच्या अहवालात पतपुरवठ्याला वखारीची जोड देण्याची शिफारस केली. त्यातून १९५६ चा कायदा झाला आणि १९५७ साली महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ उभे राहिले. दुसरी जागा बाजार समितीची. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. गोदामभाडे व देखरेखीचा खर्च समिती सोसते. मुदत टळली की व्याज चढते, हे ध्यानात असू द्या. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर यांपैकी जी समिती जवळ असेल तेथे योजना चालू आहे का, जागा शिल्लक आहे का, हे मळणीच्या आधीच विचारून घ्यावे. तिसरी जागा खाजगी गोदामाची. तेथे जास्त डोळसपणे जावे.

काय पाहावे?

जोते उंच हवे, पत्र्यातून उजेडाचा ठिपका दिसता कामा नये. थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून माणूस फिरेल इतकी दूर असावी. धुरी कोण देतो, केव्हा देतो, हे विचारावे. आपला मालही वाळलेला पाहिजे. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ओला माल चांगल्या वखारीतही तापतो.

मग पावती. तिच्यावर वजन, प्रत, ओलावा, तारीख, भाडे आणि विमा या सहा गोष्टी हव्यात. वखार विकास व नियमन कायदा, २००७ खाली नोंदणी झालेल्या वखारीची पावती सगळ्यांत बळकट. ती बँकेत तारण चालते आणि हस्तांतरही करता येते. २०१७ पासून ती संगणकावर निघू लागली. गोदामाच्या दारावरची पाटी वाचून भागत नाही. नोंदणीचा दाखला मागावा. मागायला लाज कसली?

हिशेब

समजा ३० क्विंटल सोयाबीन आहे, भाव ४,००० रुपये. किंमत १,२०,००० रुपये, उचल ९०,००० रुपये. चार महिन्यांचे व्याज १,८०० रुपये. वाहतूक-हमाली क्विंटलला ५० रुपये धरली तर १,५०० रुपये. वाळून एक टक्का तूट आली तर ३० किलो, म्हणजे १,२०० रुपये. एकूण ४,५०० रुपये. म्हणजे भाव क्विंटलमागे साधारण १५० रुपयांनी चढला तर आपण बरोबरीत. त्यावर चढेल तो नफा. खाजगी गोदाम असेल तर भाडे वेगळे धरा.

भाव चढेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून सगळा माल ठेवू नये. देणी भागतील इतका विकावा, उरलेला ठेवावा. पण ‘घरात ठेवला त उंदीर खाते, विकला त व्यापारी खाते’ असे म्हणत कपाळाला हात लावण्यापेक्षा हे बरे.

उसाच्या काट्यावर आपण जितके जागे असतो, तितकेच वखारीच्या दारात असावे. आमची चाळीस कट्टे तूर एवढेच शिकवून गेली.