भट्टीची धग आणि आपला श्वास

भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी पाहिली, की आपले लक्ष धुराकडे जाते. परंतु वाचकहो, त्या धुराबरोबर सहसा डोळ्यांना न दिसणारे शत्रूही बाहेर पडत असतात. ते म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा वायू अगदी शांत. पण ज्वालेचे तापमान सुमारे १,३०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले, की तो ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाला जी धग हवी, तीच कोक भट्ट्यांत आणि वीजगृहांच्या बॉयलरांत या वायूंना जन्म देते. त्यांनी मुलांचा दमा बळावतो, पाऊस आम्लधर्मी होतो.

यावर उपाय दोन. पहिला, रोग होऊच न देण्याचा: ज्वालेला हवा टप्प्याटप्प्याने पुरवावयाची, निवलेला धूर थोडा परत फिरवावयाचा, म्हणजे ज्वालेचा ताप उतरतो. दुसरा, धुरात अमोनिया सोडण्याचा. ३०० ते ४०० अंशांवर, व्हॅनेडियम-टिटॅनियमच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने, विषाचे पुन्हा नायट्रोजन व पाण्याची वाफ होते! मात्र आपल्या कोळशात राख फार. ती उत्प्रेरकाची छिद्रे बुजविते. म्हणून पहिला उपाय स्वस्त व सोपा.

२००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार हवेत नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. भट्टीपाशी राबणारा कामगार घरी परततो, तेव्हा त्याच्या निजलेल्या मुलाचा श्वासही निर्मळ असावा, एवढाच या आकड्याचा अर्थ आहे.