शिवाशिवीच्या दोन बाजूंची मुले

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात ‘देवाला सारी प्रिय’ नावाची एक रात्र, म्हणजे प्रकरण, आहे. महार समाजातली एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते. म्हातारीच्या अंगात त्राण नाही. मोळी पुन्हा डोक्यावर चढवायला कुणाचा तरी हात हवा, पण तिला शिवणार कोण? श्यामची आई हे पाहते आणि श्यामला पाठवते. श्याम बिचकतो, लोक नावे ठेवतील म्हणतो. त्यावर आई तोड सुचवते: कोणी हटकलेच, तर घरी जाऊन आंघोळ करणार आहे असे सांग.

या आंघोळीपाशी थांबायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात बाईच्या शब्दाला किती वाव होता, हे लक्षात घेतले तर तिने केले ते मोठेच आहे. पण रूढी तिने मोडलेली नाही. रूढीला वळसा घालून जाणारी एक पायवाट तिने मुलाला दाखवली. श्याम त्या दिवशी एकदम दोन गोष्टी शिकतो. म्हातारीला हात देणे योग्य आहे, ही एक. आणि योग्य गोष्ट करायलाही गावात सबब जवळ बाळगावी लागते, ही दुसरी. पहिली गोष्ट सगळ्या वाचकांच्या लक्षात राहते. बाळपण सरते ते दुसरीमुळे.

साने गुरुजींचा जन्म 1899 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. 1935 मध्ये ते छापून आले. आत्मकथनाला कादंबरीचा घाट देणारे हे पुस्तक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचले गेले, आणि आचार्य अत्रे यांनी 1953 मध्ये त्यावर चित्रपट काढला. मोळी उचलणारा मुलगा पुढे काय झाला, हेही महाराष्ट्राने पाहिले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. दहाव्या दिवशी ते सुटले, मंदिर खुले झाले. आंघोळीच्या सबबीची तेव्हा गरज उरली नव्हती.

मोठ्यांचा भेदभाव मुलाच्या डोळ्यांनी दाखवण्याची ही रीत जगभरच्या वाङ्मयात आढळते. अमेरिकेत तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही 1960 ची कादंबरी. तिला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. काळ 1930 नंतरच्या मंदीचा, स्थळ अलाबामा राज्यातले मेकोम हे काल्पनिक गाव. निवेदन स्काउट या गोऱ्या मुलीचे. गोष्ट सुरू होते तेव्हा ती सहा वर्षांचीही नाही. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. त्याचे वकीलपत्र घेतात स्काउटचे वडील, अ‍ॅटिकस. आरोप खोटा असल्याचे भर कोर्टात उघड होते, आणि तरी सगळ्या गोऱ्या पंचांची ज्युरी टॉमला दोषी ठरवते. खटला चालू असताना सरकारी वकील टॉमशी ज्या तुच्छतेने बोलतो, ते ऐकून स्काउटचा छोटा मित्र डिल याला रडू फुटते आणि त्याला बाहेर न्यावे लागते. निकालानंतर स्काउटचा मोठा भाऊ जेम रडतो. रडतात ती मुले. मोठ्यांना सवय झालेली असते.

त्याच कादंबरीत आणखी एक मूल आहे. टॉम तुरुंगात गोळ्यांना बळी पडल्यावर अ‍ॅटिकस ती बातमी सांगायला त्याच्या घरी जातात. अंगणात टॉमची मुले आहेत. पायऱ्या उतरू पाहणाऱ्या एका चिमुरडीला अ‍ॅटिकस आपले बोट देतात. तिच्यासाठी कादंबरीत एवढीच जागा आहे. निरागसता हरवते ती स्काउटची, जेमची, डिलची. टॉमच्या मुलीला काय कळले, केव्हा कळले, हे कादंबरी विचारत नाही. म्हातारीच्या घरी मुले-नातवंडे होती का, हे श्यामच्या गोष्टीतही येत नाही.

त्या बाजूच्या मुलाची हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटेसे इंग्रजी आत्मकथन 1935 च्या सुमाराचे. त्यातला पहिला प्रसंग 1901 चा. वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यातल्या गोरेगावी, दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईत, खजिनदार होते. सुट्टीत साताऱ्याहून भीमराव, म्हणजे लहानगे बाबासाहेब, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले आगगाडीने त्यांच्याकडे निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कोणीच नाही; मुले येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. भीमराव सहज आपली जात सांगून जातात आणि मास्तरचा चेहरा उतरतो. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान बाजूने चालणार.

डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्यात चिखल आणि जनावरांची घाण. रात्री जकातनाक्यावर गाडी थांबली तेव्हा, गाडीवानाने पढवल्याप्रमाणे, भीमरावांनी नाकेदाराला आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले. तरी मिळाले नाही. मुले उपाशी, तहानलेली झोपली.

श्यामला सबब लागली ती दुसऱ्याला मदत करण्यासाठी. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांना घोटभर पाण्यासाठी. आणि तीही चालली नाही. भीमरावांना हे सगळे अनोळखी नव्हते, हे फार महत्त्वाचे. शाळेत बसायला ते घरून गोणपाट नेत आणि संध्याकाळी परत आणत. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणीही नाही. न्हावी केस कापत नसे, ते काम थोरली बहीण करत असे. हे सगळे त्यांना ठाऊक होते, पण जगाची रीतच अशी म्हणून ते अंगवळणी पडले होते. मसूरच्या प्रवासाने पहिल्यांदा त्यांना विचार करायला लावले. इथे ज्ञान नवे नव्हते, नवा होता तो प्रश्न. शिवाशिवीच्या अलीकडच्या बाजूच्या मुलाला अन्याय कळतो तेव्हा धक्का बसतो. पलीकडचे मूल अन्यायातच वाढलेले असते. तो अन्याय आहे आणि तो नसताही चालला असता, हे कळणे हा त्याचा धक्का.

दोन्ही लेखने जवळपास एकाच काळातली. श्याम 1935 मध्येच घरोघरी गेला. बैलगाडीतली मुले मात्र वाचकांसमोर आली ती 1990 मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका काढली तेव्हा. दरम्यान मराठीत या बाजूची मुले स्वतःच बोलू लागली होती: 1978 मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’, 1979 मध्ये प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. ‘बलुतं’ची मांडणी तर याच जखमेवर बेतलेली आहे. लेखकाचे लहानपणीचे नाव दगडू. शिकून शहाणा झालेला, पांढरपेशा जगात वावरणारा दया पवार आणि महारवाड्यातला दगडू अशी दोन माणसे पुस्तकात समोरासमोर बसतात. दगडू आपली कहाणी सांगत राहतो आणि दया पवार ती ऐकतो.