फलकावरचा एक आणि कागदावरचे दहा

१८ जुलै १९७६. माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये रुमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची अनइव्हन बार्सवरची कसरत संपवून खाली उतरली आणि फलकावर गुण झळकले : १.००. प्रेक्षक चक्रावले. इतक्या देखण्या कसरतीला दहापैकी एक? खरे गुण होते दहापैकी दहा! फलकाला तीनच आकडे दाखवता येत होते. कुणाला पैकीच्या पैकी गुण मिळतील, हे तो तयार करताना धरलंच नव्हतं.

फलकाने जे केलं, तेच छापील पानावर मुद्राराक्षस करतो. त्याचे विनोद आपण हसून सोडून देतो. पण खेळांच्या बातम्यांत त्याला एवढं मोकळं रान का मिळतं, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. 'शतक'चं 'शकत' छापलं गेलं तरी वाचक मनातल्या मनात ते सुधारून घेतो, कारण आजूबाजूचं वाक्य मदतीला धावतं. आकड्याच्या मदतीला कुणी येत नाही. ९४चे ४९ झाले, तर दोन्ही धावसंख्या तितक्याच खऱ्या दिसतात. स्पेलचेकला त्यात काही वावगं दिसत नाही आणि मुद्रितशोधकाची नजरही पुढे सरकते. तपासणाऱ्याच्या हाती एकच कसोटी उरते : हे शक्य वाटतं का? आणि खेळ तर आपण अशक्य वाटणारं घडावं म्हणूनच बघतो.

२९ जून १९५० हा असाच दिवस. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते इथे फुटबॉल विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० असं हरवलं. गोल केला हैतीत जन्मलेल्या जो गेटजेन्सने. फुटबॉलच्या माहेरघराला अमेरिकेने हरवावं! त्यातून एक दंतकथा जन्मली : तारेतली ही छपाईची चूक समजून इंग्रजी वृत्तपत्रांनी स्वतःच 'दुरुस्ती' केली आणि इंग्लंड १०-० किंवा १०-१ने जिंकल्याचं छापलं. जुने अंक धुंडाळणाऱ्यांना तसं छापलेलं सापडलं नाही, बातम्या बरोबरच होत्या. तरीही कथा टिकली, कारण ती पटण्यासारखी आहे. गंमत म्हणजे त्याच दिवशी लॉर्ड्सवर रामाधीन आणि व्हॅलेंटाइन यांनी मिळून सामन्यात १८ बळी घेतले आणि वेस्ट इंडिजने इंग्लंडच्या भूमीवरची आपली पहिली कसोटी जिंकली. एका दिवसात दोन निकाल, दोन्ही 'नक्की बरोबर आहे ना?' असं विचारायला लावणारे.

या शंकेवरचा ब्रिटिश दूरचित्रवाणीने काढलेला तोडगा मला फार आवडतो. शनिवारी संध्याकाळी फुटबॉलचे निकाल व्हिडिप्रिंटरवर एकेक अक्षर उमटत पडद्यावर येत. कुणी सातसारखे भरमसाट गोल केले की आकड्यापुढे कंसात तोच आकडा अक्षरी लिहिला जाई. धनादेशावर आपण 'अक्षरी रुपये' लिहितो, तसंच. तीच गोष्ट दोनदा सांगितली की चुकीला लपायला जागा उरत नाही, आणि 'होय, आम्ही तपासलंय' हेही प्रेक्षकाला न बोलता कळतं.

यंत्राला मात्र शंका येतच नाही. २००८ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत टायसन गे १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचला. अमेरिकन फॅमिली असोसिएशनच्या वनन्यूजनाउ या संकेतस्थळावर 'गे' हा शब्द दिसला की तिथे 'होमोसेक्शुअल' घालणारी आपोआप बदलाची सोय होती. तिने धावपटूचं आडनावही बदललं आणि 'टायसन होमोसेक्शुअल' अंतिम फेरीत गेल्याची बातमी शीर्षकासह झळकली. एकही अक्षर चुकलं नव्हतं, व्याकरण चोख होतं. बातमीतून फक्त माणूस नाहीसा झाला होता. त्याच दिवशी त्याने अंतिम शर्यत ९.६८ सेकंदांत जिंकली, पण पाठीमागून सेकंदाला ४.१ मीटर वेगाचा वारा होता आणि मर्यादा २ मीटरची, म्हणून विक्रम धरला गेला नाही. वाऱ्याचासुद्धा दशांशापर्यंत हिशोब ठेवणारा हा खेळ, आणि बातमीत खेळाडूचं नाव वाचायला कुणी नव्हतं!

मराठी क्रीडापानांच्या संपादकांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे : निकाल अचाट असेल, तर आकड्याशेजारी तो अक्षरीही छापा, आणि खेळाडूंची नावं यंत्रावर न सोडता माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्या.