कांद्याच्या गावात कुत्र्याचं पिल्लू

नगर-संभाजीनगर महामार्गावर शनिशिंगणापूरचा फाटा जिथे फुटतो, ते नेवासा तालुक्यातलं घोडेगाव दोन बाजारांसाठी ओळखलं जातं: जनावरांचा आणि कांद्याचा. इथल्या घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं, की तयारीला या दोन बाजारांपासूनच सुरुवात करावी.

आधी कांदा. कांद्यातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन बिघडवतात. रक्ताचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशीच्या कडेला बारीक फोड आल्यासारखा दिसतो. हे गोळा झालेलं, निकामी हिमोग्लोबिन. त्याला ‘हाइन्झ बॉडी’ म्हणतात. अशा पेशी फुटतात किंवा प्लीहा त्या काढून टाकते, आणि पिल्लाला रक्तक्षय होतो. कुत्र्याच्या वजनाच्या साधारण अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला, तर धोका सुरू होतो. तीन किलोच्या पिल्लाला हे प्रमाण 15 ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याच्या दोन-तीन फोडी. कांदा शिजवला, तळला, वाळवला तरी त्याचा हा गुण जात नाही. लसूण तर कांद्याहून जहाल. म्हणून ताटातलं उरलेलं कालवण भाकरीवर ओतून पिल्लापुढे ठेवायची आपली जुनी सवय मोडायलाच हवी. लक्षणं बहुतेकदा लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, पिल्लू मलूल होतं; तोवर त्या रश्श्याची कुणाला आठवणही राहिलेली नसते.

पिल्लाची भाकरी वेगळी, साधी ठेवावी. कांद्याच्या जाळीच्या गोण्या त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. चघळलेला नायलॉनचा धागा आतड्यात अडकला, तर शस्त्रक्रियेची वेळ येते. अंथरूण म्हणून धुतलेलं जुनं बारदान बरं.

आता जनावरांचा बाजार. तिथली मोकाट कुत्री, त्यांची विष्ठा आणि माणसांच्या चपला मिळून पार्वो घरापर्यंत आणू शकतात. 1978च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू पिल्लाच्या आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा या दोन्हींवर हल्ला करतो. उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, की उपचाराविना पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. मातीत तो महिनोन् महिने टिकतो. फिनाईलवर भरवसा ठेवू नये. फरशीसाठी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून. मातीच्या अंगणात मात्र ब्लीचही नीट काम करत नाही. तेव्हा ज्या अंगणात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू हगवणीने गेलं असेल, तिथे लसीकरण पूर्ण होईपर्यंत नवं पिल्लू आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारातून आल्यावर चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात.

लस एकदा टोचून का भागत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं. आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सुरुवातीचे आठवडे सांभाळतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलतं. मधे काही दिवस असे येतात, की रोग अडवायला ती अपुरी पडतात आणि लसीला मात्र पुरून उरतात. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत डोस द्यावे लागतात. जंताचं औषध तर त्याहून आधी सुरू होतं, कारण गोलकृमी गर्भातच आईकडून येतात.

खरी पंचाईत पुढे आहे. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. अमेरिकेत बार हार्बर इथे फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चौदा आठवडे माणसाच्या सहवासाविना वाढलेली पिल्लं नंतर माणसाला जवळही येऊ देत नव्हती. म्हणजे रोगाच्या भीतीने पिल्लाला कोंडून ठेवलं, तर पुढे भित्रं आणि चावरं कुत्रं पदरी पडतं. यातून वाट आहे: पिल्लू जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवा. ट्रॅक्टर, ट्रकचा हॉर्न, लाऊडस्पीकर, फेटा बांधलेले आजोबा, शाळेतून येणारी पोरं हे सगळं त्याला दुरून, त्याच्या कलाने दाखवा. आणि आठ आठवड्यांआधी ते आईपासून तोडू नका. चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांशी खेळताना शिकतं.

पोरांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: पिल्लू चावलं किंवा दाताने ओरखडलं, तर मार बसेल म्हणून लपवायचं नाही. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास मिळते. त्याआधी ते या रोगापासून सुरक्षित आहे असं धरून चालू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.