गाण्यातली राणी आणि खरीखुरी राणी

बालमित्रांनो, गोष्टीतला तो शूर सरदार आठवतो ना? राणीपुढे गुडघा टेकून म्हणतो, "आज्ञा करा, प्राण देईन!" हे चित्र आलं कुठून, ठाऊक आहे?

सुमारे ९०० वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समध्ये 'त्रुबादूर' नावाचे कवी-गायक होते. त्यांच्या गाण्यांत थोर घरची स्त्री म्हणजे मालकीण आणि तिच्यावर प्रेम करणारा तिचा चाकर! नावानिशी माहीत असलेला पहिला त्रुबादूर म्हणजे अ‍ॅक्विटेन प्रांताचा अधिपती नववा विल्यम.

आता त्याच्या नातीची, एलिनॉरची, खरी गोष्ट ऐका.

११३७ साली तिचे वडील वारले. एवढ्या मोठ्या प्रांताची वारस झाली एक पोर. वय जेमतेम तेरा ते पंधरा! "तुला कोण आवडतो?" असं तिला कोण विचारणार? काही महिन्यांतच फ्रान्सच्या राजपुत्राशी तिचं लग्न लागलं. दोन मुली झाल्या, मुलगा मात्र नाही. ११५२ मध्ये ते लग्न रद्द झालं आणि मुली वडिलांकडेच राहिल्या.

एलिनॉर माहेरच्या प्रांताकडे निघाली. वाटेत दोघा सरदारपुत्रांनी तिला पळवून नेऊन लग्न लावण्याचा बेत केला, असं एका जुन्या बखरीत आहे. बघा हं, गाण्यात गुडघे टेकायचे आणि वाटेत दबा धरायचा! जीव जडला होता तो तिच्या जमिनीवर.

मग दोनच महिन्यांत तिनं हेन्रीशी लग्न केलं. ११५४ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला. त्यांना आठ मुलं झाली. पण ११७३ मध्ये मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं, आईनं त्यांची बाजू घेतली आणि हेन्रीनं तिला कैदेत टाकलं. ती सुटली थेट ११८९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर!

म्हातारपणी ती खचली असेल? छे! मुलगा रिचर्ड जर्मनीत कैद झाला, तेव्हा खंडणीचे पैसे जमवायला हीच पुढे झाली. १२०० साली, पंच्याहत्तरीच्या आसपास, ती पर्वत ओलांडून स्पेनला गेली आणि बारा वर्षांच्या नातीला, ब्लांशला, फ्रान्सच्या राजपुत्रासाठी घेऊन आली. तहासाठी लग्न, नातीलाही कुणी विचारलं नाही. आजीनंसुद्धा!

१२०४ मध्ये एलिनॉर वारली. फ्रान्समधल्या फाँतेव्रो मठात तिच्या समाधीवर तिची मूर्ती आहे. शेजारीच हेन्री आणि रिचर्ड डोळे मिटून पहुडलेत. एलिनॉरच्या हातात मात्र उघडं पुस्तक आहे.

दोस्तांनो, पुढच्या वेळी राणीची गोष्ट वाचाल, तेव्हा एवढंच विचारा: तिला कुणी विचारलं होतं का?