पान रचतं कोण?

बारावीच्या निकालाची दुपार आठवा. घरातलं कुणीतरी संगणकासमोर बसतं, बैठक क्रमांक आणि आईचं नाव भरतं आणि क्षणात गुणांचा तक्ता पडद्यावर उमटतो. विद्यार्थी लाखो, तक्तेही लाखो. एवढी पानं कुणी आधी टाइप करून ठेवतं का? नाही. मागणी आली की संगणकाचा प्रोग्रॅम ते पान तिथल्या तिथे रचतो.

वेबवरचं पान ‘एचटीएमएल’ या खुणांच्या भाषेत असतं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत ती घडवली. तिच्या खुणांना ‘टॅग’ म्हणतात. टॅग म्हणजे दोन कोनी कंसांत बसवलेला शब्द. तो ब्राउझरला सांगतो, इथे तक्ता सुरू, इथे संपला. सुरुवातीला माणसं हे टॅग हातानं लिहीत. माहिती रोज बदलू लागली, तसं हे काम प्रोग्रॅमकडे गेलं. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये खुली केलेली ‘पीएचपी’ त्यासाठीच लोकप्रिय झाली.

रीत सोपी आहे. उघडणारा टॅग, मध्ये माहिती, मग बंद करणारा टॅग. विषय सहा असले तर तक्त्याच्या ओळी सहा. छापील लग्नपत्रिका एकच, नाव तेवढं प्रत्येकाचं वेगळं, तसंच हे.

पण मधली माहिती अनेकदा परक्या माणसानं भरलेली असते. त्यानं नावाच्या जागी टॅगच लिहिला तर? ब्राउझरला मालकाची आज्ञा आणि पाहुण्याचा मजकूर यांतला फरक कळत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या सॅमी कामकार या तरुणानं ‘मायस्पेस’वरच्या आपल्या पानात अशीच आज्ञा दडवली. पान पाहणाऱ्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि तीच आज्ञा त्याच्याही पानात उतरे. दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती या साखळीत सापडली. ‘मायस्पेस’नं धोक्याचे टॅग अडवले होते, पण त्यानं पळवाट शोधली.

दर वेळी लबाडीच असते असं नाही. गोव्यातले डिसूझा रोमन लिपीत आडनाव लिहिताना ‘डी’नंतर वर एक स्वल्पविराम देतात. प्रोग्रॅमनं नाव एकेरी अवतरणात ठेवलं असेल, तर तो स्वल्पविराम अवतरण संपल्याची खूण ठरतो आणि चौकटीत उरतो फक्त ‘डी’!

यावर उपाय आहे. परका मजकूर पानात घालण्यापूर्वी त्यातले कोनी कंस आणि अवतरणचिन्हं ठरलेल्या सांकेतिक अक्षरांत बदलायची. मग ब्राउझर कंस दाखवतो, पण त्याला आज्ञा मानत नाही. मात्र हे काम प्रोग्रॅमरच्या आठवणीवर सोडू नये. शंभर ठिकाणी आठवण राहील, एकशेएकाव्या ठिकाणी चूक होईल. म्हणून टॅग तयार करणाऱ्या भागातच ही व्यवस्था बसवतात. प्रत्येक टॅग तिथूनच घडला, की बंद करायचा टॅग विसरत नाही आणि मजकूरही आपोआप गाळून येतो.

पाहुण्याचं स्वागत जरूर करावं, पण घराच्या किल्ल्या त्याच्या हाती देऊ नयेत, एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)