गळीच्या संत्र्याची साल

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतील संत्र्याची कलमे दूरदूर जातात. बागांतून मात्र गळीच्या फळांचे ढीग कुजताना आम्ही पाहतो. त्यांच्या सालीचा अर्क फळे टिकविण्यास वापरावा, असा विचार सुचतो. काढलेल्या संत्र्यावरील हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम, सालीच्या जखमेतून शिरते. सालीतील सिट्राल तिला रोखते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. पण तेलातील मुख्य द्रव्य लिमोनीन तिच्या बीजाणूंना उगवण्यास चेतवते! तेव्हा सरसकट तेल फासणे घातकच.

आमची मोठी चिंता निराळी आहे. कीटकनाशकांचा अंश सालीतच अधिक राहतो व अर्कातही उतरू शकतो. औषधनिर्मात्या बंधूंनी साल घेण्यापूर्वी बागायतदाराकडे फवारणीची नोंद मागावी, अवशेषांची तपासणी करवावी. नुसते धुणे पुरत नाही.